नाताळची हातची सजावट आणि तिचे दुकानी सोंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : नाताळच्या जुन्या वळणाच्या सजावटीवरील आपल्या पुरवणीतील लेखाबाबत

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘रस्टिक’ पद्धतीने, म्हणजे जुन्या काळच्या खेड्यातील घराच्या वळणाने, नाताळसाठी घर कसे सजवावे यावर दोन पानी सचित्र लेख प्रसिद्ध झाला. मी तो आधी उत्सुकतेने आणि मग काहीशा खिन्न मनाने दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख होती, मांडणीही नेटकी होती. पण लेख संपल्यावर हाती उरली ती केवळ खरेदीची यादी. बर्फ पडल्यासारखा पांढरा फवारा मारलेल्या प्लास्टिकच्या फांद्या, यंत्रावर घासून मुद्दाम जीर्ण केलेल्या लाकडी पाट्या, गोणपाटाची वीण नुसती छापलेल्या कृत्रिम धाग्याच्या फिती, आणि या सगळ्यावर ‘आजीच्या काळातला नाताळ’ असा मथळा. गेली जवळपास तीस वर्षे मी दर डिसेंबरात घराची सजावट हाताने करते आहे आणि माझ्या आधी माझी आई करत असे. त्यामुळे हा मथळा वाचून गप्प बसवले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या सजावटीचे रूप तिच्या घडणीतून आलेले आहे. शेतात मळणीनंतर काड उरले म्हणून त्याच्या चांदण्या झाल्या, लांब हिवाळ्यासाठी साठवलेली सफरचंदे घरात होती म्हणून ती झाडावर लटकली, आणि बाहेर सगळे निष्पर्ण असताना सूचिपर्णी झाडे तेवढी हिरवी होती म्हणून त्यांच्या फांद्या दारावर आल्या. यातली घडण वगळून नुसते रूप उचलले, तर उरते ते जुन्या वस्तूंचे सोंग. आणि ते सोंग करण्यासाठी वाचकाने खिशात हात घालावा असे आपल्यासारख्या वर्तमानपत्राने सुचवावे, याचे मला वाईट वाटले.

लेखात आणखी एक घोटाळा झाला आहे, तो आधी निस्तरायला हवा. खेड्यातील शेतकऱ्याच्या घरची सजावट आणि १९व्या शतकातील शहरी सुखवस्तू दिवाणखान्यातील सजावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखात त्या एकाच टोपलीत भरल्या आहेत. चमचमती काचेची फळे, चंदेरी झिरमिळ्या, उठावाची छपाई केलेली देवदूतांची कागदी चित्रे हा दिवाणखान्याचा थाट. काड, लाकूड, धान्याच्या लोंब्या, सुकी फळे, मेण आणि हिरव्या फांद्या हा शेतघराचा. दोन्ही जुनेच आहेत, दोन्ही मला आवडतात. पण काडाच्या चांदणीशेजारी सोनेरी काचेचा गोळा टांगला की बिचारी चांदणी दिसेनाशी होते. ज्याला साधेपणा हवा आहे त्याने काय लावायचे याच्याइतकेच काय लावायचे नाही हेही ठरवावे लागते, आणि हा विचार लेखात कुठेही आला नव्हता.

जुन्या घरांत खरोखर काय होते, याची नोंद आपल्याला मिळते. १६०५ सालच्या स्ट्रासबुर्ग शहराच्या एका वर्णनात लोक घरातल्या बैठकीच्या खोलीत फर नावाची सूचिपर्णी झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखे वेफर, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगतात, असे लिहिलेले आहे. ही यादी मला फार बोलकी वाटते. कागद आणि वर्ख सोडले तर बाकी सगळे खाऊन संपणारे आहे, आणि दिव्यांचा तर त्यात उल्लेखसुद्धा नाही. सफरचंदे तिथे कशी आली, तर मध्ययुगात जर्मन मुलखात २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानला जाई, त्या सुमारास त्यांच्या कथेवरची नाटके होत आणि रंगभूमीवरच्या नंदनवनाचे झाड म्हणून सफरचंदे लावलेला फर उभा केला जाई, असे सांगतात. हिरव्या झाडावर लाल फळ ही रंगसंगती आपण आज ‘नाताळचे रंग’ म्हणून ओळखतो, तिची एक मुळी इथे आहे. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या काच फुंकणाऱ्यांच्या गावात १९व्या शतकात झाडावर टांगायचे काचेचे गोळे, फळे आणि सुके मेवे घडू लागले. काच पातळ फुंकायची, आतून चांदीच्या द्रावणाने चकाकी द्यायची आणि बाहेरून रंग द्यायचा, असे ते काम घरोघरी संपूर्ण कुटुंब मिळून करत असे. म्हणजे काचेचा गोळा हा एका अर्थाने सफरचंदाचाच वारस आहे. हे ठाऊक असले, की कोणाच्याही घरी चार लाल सफरचंदे देठाला दोरा बांधून टांगता येतात आणि लेखातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा ती अधिक खरी दिसतात. फक्त ती फांदीच्या टोकाला न बांधता खोडाजवळ बांधावीत, नाहीतर फांद्या वाकून जातात.

काडाबद्दल मात्र मला सविस्तर लिहू द्यावे, कारण या सगळ्या कामाचा जीव माझ्या दृष्टीने काडात आहे. फिनलंडमध्ये राय या धान्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून ‘हिम्मेली’ नावाची अष्टफलकांची झुंबरे करतात. ती जेवणाच्या मेजावर टांगतात आणि खोलीतून कोणी चालत गेले तरी ती हळूहळू फिरत राहतात. स्वीडनमध्ये काड लाल फितीने आवळून बोकड करतात. युक्रेनमध्ये धान्याची सजवलेली पेंढी, ‘दिदुख’, घरातल्या मानाच्या जागी उभी करतात आणि तिच्यात घरातील पूर्वजांचा वास असतो असे मानतात. या तिन्ही गोष्टींत वस्तू वेगळी आहे, पण सामग्री एकच आहे: पीक घरात आल्यावर मागे राहिलेले काड.

साधी चांदणी करायची तर गव्हाचे किंवा रायचे सरळ, न चेचलेले काड घ्यावे, त्याच्या गाठी कापून टाकाव्यात आणि मधल्या नळ्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवाव्यात. भिजल्याशिवाय काड वाकत नाही, तडकते, आणि नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. भिजलेली नळी नखाने किंवा बोथट सुरीने उभी चिरून उघडावी आणि मध्यम गरम इस्त्री तिच्यावरून फिरवावी. इस्त्री जरा जास्त वेळ थांबली की काडाचा रंग फिक्या सोनेरीवरून तांबूस होतो, आणि हा बदल हातात असल्यामुळे एकाच पेंढीतून तीन-चार छटा काढता येतात. रंगाची डबी लागत नाही. मग समान लांबीच्या चार पट्ट्या मधोमध एकमेकींवर चांदणीसारख्या ठेवायच्या, बोटाने दाबून धरायच्या, आणि लाल सुती दोरा एका पट्टीवरून, पुढच्या पट्टीखालून असा एक संपूर्ण फेरा नेऊन मागे घट्ट गाठ मारायची. दोरा ओढताना मधल्या पट्ट्या सरकतात, म्हणून हे काम दोन माणसांचे आहे. माझी आई बोट ठेवायची आणि मी गाठ मारायचे. आता मी बोट ठेवते आणि मुलगी गाठ मारते. शेवटी टोके तिरपी कापायची. पहिली चांदणी करायला मला तासभर लागला होता, आज दहा मिनिटे लागतात, आणि नीट ठेवली तर ती कित्येक वर्षे टिकते.

काडाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती लेखात सांगायलाच हवी होती. स्वीडनमधील येव्ले या शहरात १९६६ सालापासून चौकात काडाचा प्रचंड मोठा बोकड उभारतात. तो पहिला बोकड त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री कोणीतरी पेटवून दिला आणि तेव्हापासून कितीतरी वर्षी त्याचे तेच झाले आहे. चौकातला बोकड जळाला तर नवा उभारता येतो, घराचे तसे नाही. आपल्या लेखातील एका छायाचित्रात मात्र काडाच्या गोल कड्याच्या मधोमध चार पेटत्या मेणबत्त्या दाखवल्या आहेत आणि त्याखाली ‘ऊबदार वातावरणासाठी’ एवढेच लिहिले आहे. हे छायाचित्र पाहून कोणी तसेच करून पाहिले तर काय होईल, या विचाराने मी खरोखर अस्वस्थ झाले.

चार मेणबत्त्यांच्या त्या कड्याची कथाही लेखात यायला हवी होती, कारण ती अगदी विषयाला धरून आहे. हॅम्बुर्गजवळ अनाथ आणि गरीब मुलांसाठी संस्था चालवणारे योहान हिन्रिश विशर्न यांना मुले रोज विचारत, की नाताळला किती दिवस उरले. त्यांनी १८३९ साली बैलगाडीला असते तसे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी छोट्या लाल आणि नाताळआधीच्या रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक मेणबत्ती वाढत गेली, की मुलांना दिवस मोजता येत. हिरव्या फांद्या त्या चाकावर नंतर आल्या आणि घराघरांत जाताना चार मेणबत्त्यांचे आटोपशीर कडे उरले. जुने चाक हाताशी होते म्हणून ते वापरले, आणि दिवस मोजायचे होते म्हणून मेणबत्त्या लावल्या. आज तेच कडे प्लास्टिकच्या पानांनी मढवून, चारही मेणबत्त्या पहिल्याच दिवशी पेटवून मेजावर ठेवले जाते, तेव्हा त्यातले मोजणे हरवलेले असते आणि मुलांना त्यातून काहीच मिळत नाही.

लाकडी खेळण्यांचेही असेच आहे. जर्मनीतील एर्झगेबिर्ग, म्हणजे ‘धातूंचे डोंगर’, या भागात खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. तिथल्या झाइफेन या गावी ओल्या स्प्रूस लाकडाचे कडे चरकावर असे कातले जाते, की काम चालू असताना पाहणाऱ्याला नुसत्या खाचा आणि उंचवटे दिसतात; मात्र ते कडे केकसारखे उभे कापले, की प्रत्येक कापेतून एकसारखी गाय, घोडा किंवा मेंढी बाहेर पडते. मग पाय-कान सुरीने नीट करून रंग दिला जातो. असे एक लहानसे जनावर माझ्याकडे आहे. त्याच्या पोटाखाली हात फिरवला तर लाकडाचे वर्षवलय बोटाला लागते, आणि यंत्रात घासून जुन्या केलेल्या पाटीला तशी खूण कधीच नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी खोट्या झाडाच्या विरोधात नाही. जर्मनीत १९व्या शतकात जंगले विरळ होऊ लागली तेव्हा लोकांनी हिरव्या रंगात बुडवलेली हंसाची पिसे तारेवर गुंडाळून झाडे केली, आणि त्यांच्या फांद्यांमधली मोकळी जागा आज अभिजात जुनेपणाची खूण मानली जाते. म्हणजे नक्कल करण्याची रीतही पुरेशी जुनी आहे. ज्यांच्या घरी प्लास्टिकचे झाड आहे त्यांनी ते टाकून ‘नैसर्गिक’ दिसणारे नवे आणू नये; आहे तेच वर्षानुवर्षे वापरावे, त्यावरच्या प्लास्टिकच्या माळा तेवढ्या काढाव्यात आणि त्या जागी काड, कागद आणि सुकी फळे लावावीत. माझ्या मते जुन्या वळणाच्या याहून जवळ जाणारे दुसरे काही नाही. लेखात मात्र दर वर्षी नवी ‘थीम’ घ्यावी असे सुचवले आहे, जे जुन्या घरांच्या रीतीच्या नेमके उलट आहे. तिथे पेटी तीच असे, त्यात वर्षाला एखाद-दुसरी वस्तू वाढे.

कागदाचे काम सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. डेन्मार्कमध्ये लाल आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणून हृदयाच्या आकाराच्या छोट्या पिशव्या करतात. त्यांतली सर्वांत जुनी ज्ञात पिशवी परीकथाकार हान्स ख्रिस्तियान आंदेरसन यांनी १८६० साली केलेली आहे. मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, जर्मनीतील नीस्की येथील वसतिशाळेत १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांना भूमिती शिकवताना कागदाच्या अणकुचीदार शंकूंची चांदणी करायला लावली आणि तीच पुढे त्याच पंथाच्या हेर्नहूट गावाच्या नावाने, हेर्नहूटची चांदणी म्हणून जगभर पोचली. गणिताच्या तासाला जन्मलेली ही सजावट शाळकरी मुलांना हाताने करायला दिली, तर त्यांना ती अजूनही आवडते. मी हे दर वर्षी पाहते.

आता फळांविषयी, कारण लेखात संत्र्याच्या सुक्या चकत्यांचे तयार पाकीट आणण्याचा सल्ला आहे, आणि यासारखी घरी सहज होणारी दुसरी वस्तू नाही. पहिल्या वर्षी मी ती चांगलीच बिघडवली होती. चकत्या बोटभर जाड कापल्या, वरून सुकल्यासारख्या दिसल्या म्हणून घाईने भट्टीतून काढल्या आणि दाराच्या कड्यावर बांधल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या पोटात करड्या बुरशीचे ठिपके आले आणि कड्याच्या फांद्यांसह सगळे फेकून द्यावे लागले. तेव्हापासून मी चकती अर्ध्या सेंटिमीटरहून जाड कापत नाही. दोन्ही बाजू सुती कापडाने टिपून घेते, नव्वद ते शंभर अंश सेल्सिअस उष्णतेवर तीन ते चार तास ठेवते आणि दर तासाला उलटते. चकती झाली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. मधला गर बोटाने दाबून पाहावा. तो चिकट लागला किंवा दबला, तर आणखी अर्धा तास ठेवावी. नीट सुकलेली चकती खिडकीच्या उजेडात धरली, की तिच्या फोडींमधले पडदे रंगीत काचेच्या खिडकीतल्या शिशाच्या रेषांसारखे दिसतात. म्हणूनच ती भिंतीवर न लावता खिडकीत, मागून उजेड येईल अशी टांगावी.

पाइनकोनला, म्हणजे पाइन झाडाच्या खवलेदार सुक्या बोंडाला, यापेक्षा कमी कष्ट पडतात. ते झाडाखालून गोळा करून आणले, की त्यांत बारीक किडे असतात आणि डिंकही असतो. शंभरेक अंशांवर अर्धा तास ठेवल्याने किडे मरतात, डिंक पसरून वार्निशसारखी झिलई येते आणि मिटलेले खवले उघडतात. भट्टीसमोरून मात्र हलू नये, कारण डिंक पेटू शकतो. पाइनकोन दमट हवेत मिटतो आणि कोरड्या हवेत उघडतो, कारण खवल्याच्या बाहेरच्या बाजूचा थर ओलाव्याने अधिक फुगतो. कड्यावर बांधलेला पाइनकोन एखाद्या दमट सकाळी अर्धवट मिटलेला दिसला तर तो खराब झाला असे समजू नये; त्याचा तो स्वभाव आहे.

मिठाच्या कणकेचे कामही सोपे आहे. दोन भाग मैदा, एक भाग मीठ आणि एक भागाहून किंचित कमी पाणी अशी घट्ट कणीक मळून, पाव इंच लाटून, साच्याने चांदण्या कापून मंद आचेवर दोन-तीन तास वाळवल्या की टांगण्याजोग्या वस्तू होतात. भोक वाळवण्याआधीच पाडावे. दमट हवेत मीठ ओलावा ओढते आणि चांदणी मऊ पडते, म्हणून दोन्ही बाजूंनी वार्निश द्यावे. आणि घरात कुत्रा असेल तर या चांदण्या खालच्या फांद्यांवर अजिबात लावू नयेत, कारण एवढे मीठ पोटात गेल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. माझ्या पेटीत अशी एक चांदणी आहे. तिचा एक कोपरा तुटलेला आहे, रंग पिवळा पडला आहे, आणि मागच्या बाजूला आईच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. तिने कणीक साच्यातून ढकलताना तो उमटला असावा. आई जाऊन बरीच वर्षे झाली. दर वर्षी ती चांदणी मी सर्वांत शेवटी लावते आणि ठशावर माझा अंगठा ठेवून पाहते. विकत आणलेल्या जीर्ण वस्तूबद्दल माझा जो राग आहे तो बहुधा इथून येतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

दिव्यांच्या बाबतीत मी जुन्याचा हट्ट धरणार नाही. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावणारी घरे त्या काही मिनिटेच पेटवत, सगळे जण समोर बसून पाहत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली असे. आज इतके लक्ष कोणी देणार नाही. विजेच्या दिव्यांचे पहिले झाडही काही कालपरवाचे नाही. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे दिवे झाडावर लावले होते. तेव्हा एलईडीच्या माळा खुशाल लावाव्यात, फक्त खोक्यावरचा, उजेडाची छटा सांगणारा आकडा वाचून घ्यावा: २७०० केल्विन किंवा त्याहून कमी असेल तर उजेड मेणबत्तीच्या जवळ जातो, आणि त्याहून बराच वर गेला तर काड आणि लाकूड निळसर, निर्जीव दिसतात. लेखातल्या छायाचित्रांत नेमका हाच थंड पांढरा उजेड होता.

जुन्या वस्तू अडगळीतून काढून वापरा, हा लेखातला सल्ला मला पटला. पण त्याला सावधगिरीची जोड हवी होती. जुन्या चंदेरी झिरमिळ्या २०व्या शतकात बराच काळ शिशाच्या केल्या जात. हातात घेतल्यावर त्या जड लागतात आणि फांदीवरून सरळ खाली लोंबतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे उत्पादन बंद करण्यात आले. तशा झिरमिळ्या पेटीत निघाल्या तर लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. जुन्या रंगवलेल्या खिडक्या, दरवाजे आणि फळ्या यांच्या रंगातही शिसे असू शकते, त्यामुळे ‘घासून जीर्ण रूप द्यावे’ असे सरसकट लिहिणे घातक आहे; ती धूळ श्वासातून आणि मुलांच्या बोटांवरून पोटात जाते. हॉली, मिसलटो आणि यू यांच्या फांद्या शोभिवंत असल्या तरी त्यांची फळे विषारी आहेत. यूचे तर जवळपास सगळेच विषारी आहे. चमकी म्हणून वापरली जाणारी बहुतेक भुकटी हे सूक्ष्म प्लास्टिक आहे आणि युरोपीय संघाने २०२३ सालापासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत. साध्या वळणाच्या सजावटीत तिचे मुळात काही कामही नाही.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. आपला लेख नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात छापला गेला आणि ‘आजच सुरुवात करा’ असे त्यात म्हटले आहे. जुन्या जर्मन घरांत झाड २४ डिसेंबरला, मुलांच्या नकळत बंद दाराआड सजवले जाई आणि साधारणपणे ६ जानेवारीपर्यंत राही. स्वीडनमध्ये ते १३ जानेवारीला मुले गोळा करून, उरलेली मिठाई वाटून उतरवतात. ताज्या फांद्या आणि तोडलेले झाड यांचा टवटवीतपणा जेमतेम तेवढाच टिकतो. घरी आणलेल्या झाडाचे बूड दोन सेंटिमीटर कापून लगेच पाण्यात ठेवावे लागते. मोठे झाड पहिल्याच दिवसात चारेक लिटर पाणी शोषून घेऊ शकते, आणि एकदा पाणी बुडाच्या खाली गेले की तोंड डिंकाने बंद होऊन ते नीट पाणी घेईनासे होते. नोव्हेंबरात लावलेले झाड डिसेंबरच्या अखेरीस पेटायला तयार झालेले वाळके सरपण असते. म्हणून नोव्हेंबर हा काड भिजवण्याचा, कागद कापण्याचा आणि पाइनकोन वेचण्याचा महिना आहे. घर सजवण्याचा नव्हे.

माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. काडाच्या कड्यात पेटत्या मेणबत्त्या दाखवणाऱ्या छायाचित्राबद्दल पुढच्याच रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरांत, खुलासा छापावा. हे तातडीचे आहे, कारण पुरवणीची पाने लोक कापून ठेवतात आणि महिनाभराने वापरतात. आणि त्या लेखाच्या जोडीला, शक्य असल्यास, अशा वस्तू हाताने करणाऱ्यांकडून एकेक कृती मापांसह आणि आकृत्यांसह घेऊन क्रमाने प्रसिद्ध कराव्यात. काडाच्या चार पट्ट्यांच्या चांदणीची आणि डॅनिश हृदयाची आकृती मी मोजमापांसह काढून ठेवली आहे. आपण कळवल्यास ती दोन दिवसांत आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपली,
एक नियमित वाचक